तीन गावांची आजी

टँकर आळीच्या तोंडाशी आला, जरासा हळू झाला आणि न थांबताच पुढे गेला.

अकरा घरांच्या बादल्या, डबे आणि घागरी रांगेत मांडलेल्या होत्या. त्यांच्या मागे माणसं उभी होती. पुढून वळवून आणत असेल, असं पुडेवालीचा नवरा म्हणाला. टँकर वळला नाही. तेव्हा पुडेवालीने हातातली बादली खाली ठेवली आणि पन्नाशीचे गुडघे घेऊन त्याच्यामागे धावत सुटली. चढावर गाडीचा वेग मोडला, तिथे तिने दाराला हात घातला.

"विसरलास का आम्हाला?"

"विसरेन कसा, काकू? यादीतून तुमची आळी खोडलीये. तुमच्याकडे नळ आलाय ना."

"कुठे?"

"ते मला काय माहीत. घरी जाऊन नीट बघा, पिशव्यांच्या ढिगाखाली असेल."

तो थट्टेने बोलला, पण तिचा चेहरा बघून खाली उतरला. तिच्याजवळ भांडंच नव्हतं. त्याने स्वतःची बादली भरून तिच्या हातात दिली आणि ऑफिसात विचारा म्हणाला. ती एक बादली घेऊन पुडेवाली आळीत परतली तेव्हा अकरा घरं तिच्याकडे बघत होती. तिने ती सगळ्यांत वाटली. घरी नेलं ते तांब्याभर.

पाणी प्यायला तर लागतंच, पण कागदी पुडे करणाऱ्या या घराला कामालाही लागायचं. रद्दी कापायची, घडी घालायची, खळ लावायची, बूड चिकटवायचं आणि शंभराच्या गठ्ठ्यात बांधून दुकानांना पोचवायचं. खळ पाण्याशिवाय शिजत नाही. नवरा खळ ढवळायचा आणि कापायचा, पुडेवाली घड्या घालायची, आणि सासूबाई बुडं चिकटवत बोलत राहायच्या. बुडं थांबली तरी बोलणं थांबायचं नाही.

त्या वर्षी विहिरीच्या तळाला नुसता गाळ होता, पण निवडणूक जवळ आलेली, त्यामुळे पेपर मात्र धो धो पडत होते. कधी नाव न ऐकलेली साप्ताहिकं निघाली होती. ती कुणी वाचत नसे. गठ्ठेच्या गठ्ठे न उघडता रद्दीत यायचे आणि तिथून थेट पुडेवालीच्या ओसरीवर. कोरा करकरीत कागद, शाई हाताला न लागणारी. असा हंगाम दहा वर्षांत आला नव्हता, आणि नेमकी त्याच हंगामात खळ थांबली.

दुसऱ्या दिवशी नवराबायको पाणी ऑफिसात गेले. तिथल्या कारकुनाने त्यांना तासभर बाकावर बसवलं, मग एक फाइल काढली आणि बोटाला थुंकी लावून पान उलटलं.

"हे काय आहे?"

पेपरातलं एक कात्रण होतं. त्यात सासूबाई. एका नळाशेजारी उभ्या, ओंजळीत पाणी, आणि तोंडभर हसताहेत. खाली मोठ्या अक्षरांत छापलं होतं: 'माझ्या डोक्यावरचा हंडा उतरला.' त्याखाली बारीक अक्षरांत, की बहात्तर वर्षांच्या या आजींच्या आळीत पक्षाने शब्द दिल्याप्रमाणे घरोघरी नळ पोचवला असून आजींना आनंदाश्रू आवरेनात.

"हा तर दवाखान्याचा नळ आहे," नवरा म्हणाला. "आईला खोकल्याला दाखवायला नेलं होतं."

"पेपरात तुमच्या आळीचं नाव आहे."

"पण नळ नाहीये, साहेब. येऊन बघा."

"मी प्रत्येकाच्या घरी येऊन बघत बसलो तर इथे कोण बसणार? काम झाल्याचा पुरावा म्हणून कात्रण लावायचं, असा नियम आहे. कात्रण आहे, मी शिक्का मारला. तुमच्या आई खोटं बोलल्या असतील तर तो तुमचा घरचा प्रश्न."

बाकावरची माणसं हसली. नवऱ्याची मान खाली गेली. पुडेवालीला वाटलं, हा माणूस आपल्याला भिकारी समजत असता तरी चाललं असतं. हा आपल्याला लबाड समजतोय. ती म्हणाली, "आणि पेपरच खोटा असेल तर?"

"मग तो खोटा आहे असं दाखवणारा कागद आणा. शाळेत एक बाई येऊन बसल्यात, पक्षाचे पेपर तपासतात म्हणे. जा, त्यांना मदत करा," कारकून म्हणाला आणि पुन्हा सगळे हसले.

घरी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "फोटो कसा आलाय?"

"आई, पाणी तोडलंय आपलं."

"ते कळलं. फोटो कसा आलाय?"

"छान आलाय," पुडेवाली म्हणाली. "हसताय तुम्ही."

"हसणार नाही तर काय. तो फोटोवाला म्हणाला, आजी, एक फोटो काढू द्या, तुमच्यासाठी स्थळ बघतो." त्यांना पुन्हा हसू फुटलं. "ते हसू स्थळाचं आहे, नळाचं नाही."

आळीत मात्र कुणाला हसू येत नव्हतं. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "आजींचा हंडा उतरला, आता आमचाही उतरवायला सांगा." संध्याकाळी कुणीतरी दारात रिकामी बादली उलटी घालून गेलं. पुडेवालीने ती सुलटी करून कुंपणाला अडकवली.

शाळेतली तपासणीवाली बाई पस्तिशीची, उन्हाने नाक सोललेली आणि आवाजाने मऊ होती. निवडणुकीत पक्षांनी पेपरांचा वापर कसा केला, हे तपासायला काही लोक ठिकठिकाणी बसवले होते. एका पक्षाला एक तपासणारा. हिच्या वाट्याला हा पक्ष आला होता. तिच्यापुढे पट्टी, पेन्सिल आणि छापील तक्ते होते. जाहिरात जाहिरात म्हणून छापली का, माणसांच्या तोंडची वाक्यं त्यांचीच आहेत का, विरुद्ध बोलणाऱ्याला जागा मिळाली का, असे रकाने, आणि शेवटी एक चौकट: लोकांच्या मताला धोका किती, कमी, मध्यम की जास्त.

"आमच्याकडे प्यायला पाणी नाही, हे कुठल्या रकान्यात बसतं?" पुडेवालीने विचारलं.

बाईने सगळं ऐकून घेतलं. मग जरा ओशाळून म्हणाली, "काकू, माझीच अडचण आहे. वाचनालयात दोनच मोठे पेपर ठेवतात. ही साप्ताहिकं कुणी जपून ठेवलीच नाहीत. छापणारे म्हणतात, जुने अंक संपले. एका कात्रणावर मी काय म्हणणार? चूक झाली असेल, म्हणतील. गेल्या दोन महिन्यांचे अंक कुठे मिळतील, माहीत आहे का कुणाला?"

पुडेवालीने कपाळावर हात मारून घेतला.

"माहीत आहे," ती म्हणाली. "ते सगळे मी कापले."

तिच्या धंद्यात एक रीत होती, सासऱ्यांनी घालून दिलेली: चेहरा आत. पानावर माणसाचा फोटो असला की तो भाग आतल्या बाजूला घालायचा. गिऱ्हाईक साखर घ्यायला येतं, माणूस बघायला नाही, असं ते म्हणत. हात इतके सरावले होते की फोटो कुणाचा, हे बघायच्या आधीच घडी पडायची. दोन महिने सासूबाईंचं तोंड आत दुमडून तिने गावभर वाटलं होतं, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

त्या दुपारपासून घर कामाला लागलं, पण उलटं. नवरा हातगाडी घेऊन दुकानं फिरला. किराणावाल्याने न वापरलेले गठ्ठे परत दिले. "मी तीस वर्षं पुडे घेतोय," तो म्हणाला, "परत मागायला आलेला तू पहिलाच." मग आळीत निरोप गेला, की घरातले पुडे रिकामे करून आणा. कुंपणावरून टोमणा मारणारी शेजारीण मिठाचा पुडा डब्यात ओतून पहिली आली. कुणी डाळीचा आणला, कुणी खिळ्यांचा. एका म्हाताऱ्याने दाढीच्या सामानाचा आणला आणि उघडा पण फाडू नका म्हणाला.

पाणी होतं दोन तांबे, इकडून तिकडून मागून आणलेलं. त्यातला एक किटलीत गेला. वाफेवर बूड धरायचं, खळ सैल झाली की नखाने हळूच सोडवायचं, घडी उलगडायची आणि ओसरीवर पसरायचं. सासूबाईंनी आयुष्यभर बुडं चिकटवली होती. ती सोडवायला त्यांच्यासारखा हात कुणाचा नव्हता. "खळ चांगली करतोस रे तू," त्या मुलाला म्हणाल्या. "सुटता सुटत नाही." पुडेवाली पानाचे तुकडे जुळवत होती: अर्ध्या किलोचा वरचा भाग, पाव किलोचा डावा कोपरा. कुठलं साप्ताहिक कुठल्या कागदावर निघतं, हे तिला बोटांनी कळत होतं. तपासणीवाली बाई गुडघ्यांवर रांगत पट्टीने मोजत होती आणि शिंकत होती. पानापानांतून मिरपूड उडत होती.

पहिल्यांदा ओरडला तो नवरा. "आई, तू नदीपलीकडे कधी राहायला गेलीस?"

सात साप्ताहिकांत सासूबाई होत्या. एकात त्या आपल्या आळीत राहत होत्या आणि बहात्तर वर्षांच्या होत्या. दुसऱ्यात नदीपलीकडच्या गावात, वय अडुसष्ट. तिसऱ्यात वरच्या गावात, वय एक्याऐंशी. तिन्ही गावांत त्यांना नळ मिळाला होता आणि तिन्ही गावांत त्यांच्या डोक्यावरचा हंडा उतरला होता. चौथ्यात त्यांना चष्मा मिळाला होता आणि त्या म्हणत होत्या, 'आता मला सुईत दोरा ओवता येतो.'

"दोरा मी अजूनही बिनचष्म्याची ओवते," सासूबाई म्हणाल्या. "त्यात यांचं काय? आणि वय बघा. मलाच माहीत नाही, यांना कुठून कळलं?"

ओसरीवर हसण्याचा असा काही लोट उठला की रस्त्यावरून जाणारे थांबले. पुडा फाडू नका म्हणणारा म्हातारा पोट धरून खाली बसला. पाणी गेल्यापासून आळी पहिल्यांदा एकत्र हसत होती.

दिवस मावळेपर्यंत अडतीस बातम्या जुळल्या. तीस बातम्या जवळजवळ शब्दाला शब्द सारख्या होत्या, फक्त गाव, वय, मिळालेली वस्तू आणि वर बातमीदाराचं नाव निराळं. जाहिरात हा शब्द एकीवरही नव्हता. बाई ढीग करत चालली होती. एक पान तिने त्याच ढिगात टाकलं, तेव्हा पुडेवालीने ते उचललं.

"हे नको यात. हे खरं आहे. शाळेचं छप्पर पक्षाने नवीन घातलं. तुम्ही त्याच छपराखाली बसता ना?"

"अगं, त्यांनी आपलं पाणी तोडलं," नवरा कळवळून म्हणाला, "आणि तू त्यांचं छप्पर मोजून देतेस?"

"छप्पर गळत नाही ते नाहीच गळत. मी काय करू?"

बाईने ते पान तिच्या हातातून घेतलं. मग तिने निराळा ढीग केला. खऱ्या बातम्यांचा तो ढीग पाचावर गेला. बाकी तीन बातम्या खऱ्या की खोट्या, कुणालाच सांगता येईनात. त्या बाईने तशाच लिहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पक्षाचा प्रसिद्धीवाला आला. इस्त्रीचे कपडे, गोड तोंड. सासूबाईंनी त्याला लगेच ओळखलं.

"तूच ना रे तो? काय झालं माझ्या स्थळाचं?"

तो हसला, पण डोळे ओसरीवरच्या पानांवरून फिरत होते. बाई अजून शाळेतून यायची होती. तेवढ्यात उरकायचं, असं त्याच्या बसण्यावरून दिसत होतं.

"आजी, थोडी गडबड झाली खरी. छापणाऱ्यांनी घाई केली. पण तुमचं काम अडायला नको. उद्या दुपारपर्यंत तुमच्या दारात नळ. माणसं सांगून आलोय. तुम्ही फक्त त्या बाईंना एवढंच सांगायचं, की हो, मी तसं म्हणाले होते."

नवऱ्याने पुडेवालीकडे पाहिलं. घरात तांब्याच्या तळाला चार बोटं पाणी होतं. खळीच्या भांड्याला तडे गेलेला थर चिकटला होता. तिच्या मनात सरळ येऊन गेलं, की हो म्हणून टाकावं. एक वाक्य तर आहे. म्हातारी दिवसाला हजार वाक्यं बोलते, त्यात आणखी एक. तिची जीभ टाळूला लागलेली होती. ती सुटली असती तर तिने हो म्हटलंच असतं.

"आमच्या एकट्यांच्याच दारात?" सासूबाईंनी विचारलं.

"सुरुवात तुमच्यापासून."

"बरं. मग असं कर. नळ बसव. त्याला पाणी आलं की मी स्वतः बोलते, तू लिहायची तसदी घेऊ नकोस. हंडा उतरला म्हणेन, चार चौघांत नाचून दाखवेन. फक्त तारीख त्या दिवसाची घाल."

"आजी, तारीख मागचीच हवी."

"मागच्या तारखेला मला तहान लागली होती," सासूबाई म्हणाल्या आणि किटलीवर पुढचा पुडा धरला.

प्रसिद्धीवाला उठला. मग चपला घालून निघाला. तो वळणावर दिसेनासा झाल्यावर पुडेवालीला रडू येईल असं वाटलं, पण आलं हसू.

"आई, मी हो म्हणणार होते."

"मला कळलं ते. म्हणून तर मी आधी बोलले."

आठवड्याच्या शेवटी शाळेत बाईने अहवाल वाचला. पक्षाची माणसं होती, साप्ताहिकांचे बातमीदार होते आणि पाणी ऑफिसच्या कारकुनाला फाइल घेऊन बोलावलं होतं.  बाईने छपराची आणि आणखी चार बातम्या खऱ्या म्हणून आधी वाचल्या आणि मग खोट्या तीस. शेवटच्या चौकटीत तिने 'जास्त' वर खूण केली होती. कारण म्हणून एकच ओळ: माणसाच्या तोंडी न बोललेलं वाक्य घातलं आणि त्या वाक्यावर अकरा घरांचं पाणी बंद झालं.

"अकरा नाही," मागून कुणीतरी म्हणालं.

दाराशी नदीपलीकडच्या गावातल्या बायका उभ्या होत्या. त्यांच्याही आळीचा टँकर त्याच सुमाराला बंद झाला होता. वरच्या गावातलेही आले होते. कारकुनाने फाइल उघडली, तीन कात्रणं एकाशेजारी एक ठेवली आणि तीनही ठिकाणी आपलाच शिक्का बघून घाम पुसला.

"तुम्ही या आजींना ओळखता?" बाईने विचारलं.

"तिन्ही गावांतून ओळखतो," कारकून म्हणाला, आणि एवढं मात्र त्याच्या तोंडून प्रामाणिकपणे निघालं. मग त्याने तिथेच, सगळ्यांच्या देखत, तीनही आळ्यांची नावं यादीत परत लिहिली.

नदीपलीकडच्या बायका भांडायला आल्या होत्या. जिच्यामुळे आपलं पाणी गेलं, ती म्हातारी बघायची होती त्यांना. पण सासूबाईंनी त्यांना जवळ बसवलं, तुमच्या गावात मी अडुसष्टचीच आहे, म्हणून मला तुमच्यात जास्त करमेल म्हणाल्या, आणि भांडण तिथेच संपलं. वरच्या गावच्या एकीने तक्रार केली, की आमच्याकडे तुम्हाला फारच म्हातारं केलंय. परत जाताना प्रत्येकीने त्यांना घरी यायचं निमंत्रण दिलं.

पक्षाने खुलासा छापायचं कबूल केलं. बाईने अट घातली: सातही साप्ताहिकांत, तेवढ्याच जागेत, तोच फोटो, आणि खाली आजींचं स्वतःचं वाक्य. तिने वही काढली. "आजी, काय लिहू?"

सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा गप्प झाल्या. दोन दिवस त्या वाक्य शोधत होत्या. बुडं चिकटवता चिकटवता एक म्हणायच्या, मग नको म्हणायच्या. एक फार रागाचं झालं, एक देवळातल्यासारखं झालं. नवरा म्हणाला, इतकं शांत घर मला सोसत नाही. अखेर तिसऱ्या दिवशी त्यांनी बातमीदाराला बोलावून घेतलं आणि सांगितलं.

त्यानंतरच्या सोमवारी टँकर आळीच्या तोंडाशी आला आणि थांबला. नळी सुटली, पहिलं पाणी वाकडंतिकडं उडून रांगेतल्या चौघांना भिजवून गेलं आणि कुणी बाजूला झालं नाही. टँकरवाल्याच्या खिशात ताजा अंक होता. बादल्या भरत होत्या तोवर त्याने चाकावर पाय ठेवून तो मोठ्याने वाचला. वर तोच हसरा फोटो, आणि खाली:

'हे मी म्हणाले नव्हते. मला विचारलं असतं तर मी बरंच काही म्हणाले असते.'

त्याखाली बातमीदाराने कंसात आपणहून एक ओळ जोडली होती: आजी अजून बोलत आहेत.

आणि ते खरं होतं. रांगेच्या पुढे उभ्या राहून सासूबाई टँकरवाल्याला नळीला भोक कुठे आहे ते दाखवत होत्या, शेजारणीला बादली कलती धर म्हणत होत्या, आणि नळ येईल तेव्हा तो कुठल्या कोपऱ्यात बसवायचा, हे आख्ख्या आळीला समजावून सांगत होत्या.